पंचवीस कोंबड्या आणि हजारांची मापं: नाशिकच्या सामूहिक परसबागेतलं एक वर्ष

नाशिक जिल्ह्यात कोंबड्यांविषयी विचारायला माणसं कमी नाहीत. ब्रॉयलरच्या शेड आहेत, खाद्याची दुकानं आहेत, पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, मका तर दारात पिकतो. अडचण वेगळी आहे. इथली सगळी व्यवस्था हजारांच्या मापात चालते. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची, खाद्याचं पोतं ५० किलोचं, पिल्लांची पेटी १०० ची, अनुदानाचा अर्ज हजार पक्ष्यांचा. घरामागे किंवा सामूहिक बागेत पंचवीस कोंबड्या पाळायच्या म्हटलं की प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न येतो: "एवढ्याच?"

मखमलाबाद शिवारात काही कुटुंबं मिळून एक छोटी भाजीबाग करतात. तिथे खत आणि अंडी दोन्ही मिळावीत म्हणून कोंबड्या आणायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये चौकशी सुरू झाली आणि पुढच्या ऑक्टोबरात बाग पाहुण्यांसाठी उघडली. मधल्या काळात काय लागलं, किती लागलं आणि कुठे थांबावं लागलं, ते घडलं त्या क्रमाने लिहितो.

ऑक्टोबर ते डिसेंबर: चौकशी आणि कागद

पहिली फेरी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, गोवर्धनला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र तिथे आहे. जाण्याआधी फोन करून पशुविज्ञानाचे विषयतज्ज्ञ जागेवर आहेत का ते विचारावं, नाहीतर प्रशिक्षणाचं वेळापत्रक तेवढं हातात घेऊन परतावं लागतं. जाताना जागेचं माप, पाण्याची सोय आणि किती पक्षी ठेवायचेत हे कागदावर लिहून न्यावं. "कोंबडीपालनाची माहिती द्या" म्हटलं की छापील पत्रक मिळतं. "दहा बाय आठच्या खुराड्यात पंचवीस तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) ठेवल्या तर चालतील का?" असं विचारलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

दुसरी फेरी आपल्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची. ही सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच टाळतात. इथे दोन गोष्टी विचारायच्या: लस कोणत्या दिवशी येते, आणि पक्षी मेला तर शवविच्छेदन कुठे होतं. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या लसी पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. रोगनिदानाची मोठी प्रयोगशाळाही औंधलाच आहे. नमुना तिकडे पाठवायचा तर तो दवाखान्यामार्फत जातो, म्हणून तिथल्या डॉक्टरांशी ओळख पिल्लं येण्याआधी हवी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे आणि शेतीच्या कोणत्याही प्रश्नाला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१. दोन्ही खुराड्याच्या दारावर रंगवून ठेवले आहेत.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. राज्याच्या महाबीएमएस संकेतस्थळावर वैयक्तिक लाभाचे अर्ज घेतले जातात. आधार, सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, बँकेचं पासबुक, लागू असल्यास जातीचा दाखला, एवढं स्कॅन करून ठेवावं, कारण अर्जाची खिडकी ठरावीक दिवसच उघडी असते. १००० मांसल पक्ष्यांची योजना आपल्या कामाची नाही. जिल्हा पातळीवर २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर देण्याची योजना असते. ती लहान पाळणाऱ्याला शोभणारी आहे, पण निवड झाल्यावर पक्षी हाती पडेपर्यंत वेळ जातो. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं ५० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २५ लाखांचं अनुदान हे उद्योजकांसाठी आहे, हजार मातृपक्ष्यांचं. परसबागवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. आम्ही अनुदानाशिवाय पुढे गेलो.

याच काळात परतखरेदीवाले भेटतात. "पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच नेऊ," असं सांगतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने हाच खेळ झाला आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ पक्षी चांगला आहे, झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडी वर्षाला ऐंशी ते शंभर. परतखरेदीच्या करारावर सही करण्यापूर्वी तो करार वकिलाला दाखवा, नाहीतर सरळ नको म्हणा.

कागदांमध्ये जमीनमालकाचं संमतिपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केलं आणि शेजारच्या तीन घरांची लेखी संमती साध्या कागदावर घेतली. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पाळीव पक्ष्यांबद्दलचा अर्ज दिला तर पोचपावती शिक्क्यासह मागून घ्या. शेजाऱ्यांच्या संमतीचा उपयोग नियमापेक्षा जास्त होतो. तक्रार वासाची आणि कोंबड्याच्या आरवण्याची येते, आणि ती आधी बोलून ठेवलेली असली तर चहावर मिटते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही हे शेजाऱ्यांना सांगायला विसरू नका. निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं.

दुसऱ्यांची खुराडी बघायला जाताना

पाहायला जाण्याच्या जागा दोन प्रकारच्या. शाळांच्या पोषण आहाराच्या परसबागा, गावठाणातल्या जुन्या वाड्यांमागची खुराडी, आणि शहराच्या कडेच्या सामूहिक बागा, इथे सहज जाता येतं. ब्रॉयलर कंपन्यांच्या कराराच्या शेडमध्ये सहसा आत घेत नाहीत. त्यात त्यांचा उर्मटपणा नाही. राणीखेत हा रोग, म्हणजे आपली मानमोडी, चपलेच्या तळव्याला लागूनही एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाते.

एका दिवशी एकच जागा पाहावी. धुतलेले कपडे आणि धुतलेली चप्पल घालून जावं, त्यांनी त्यांच्या चपला दिल्या तर त्याच घालाव्या. आधी पिल्लं, मग मोठे पक्षी, आजारी पक्षी असतील तर शेवटी. घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय आपल्या पक्ष्यांजवळ जाऊ नये. पिल्लं आल्यानंतर तर या भेटी काही आठवडे बंदच ठेवलेल्या बऱ्या.

बघायचं काय? पिंजऱ्याचा रंग आणि छपराचा पत्रा कुणीही दाखवतं. आपण खाली वाकून गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस, मुठीत घ्यावी. मूठ उघडल्यावर तुसाचा गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, भुगा होऊन पसरला तर ठीक. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय आणि हवा खेळत नाही. पाण्याचं भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आहे का, रात्री दार कोण लावतं, मेलेला पक्षी कुठे पुरतात, हे विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं तर ती जागा शिकण्यासारखी.

जानेवारी: खुराडं

दहा बाय आठ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. गादी पद्धतीत अंडी देणाऱ्या कोंबडीला किमान २ चौरस फूट लागतात, आम्ही तीनच्या पुढे धरले, कारण पावसाळ्यात पक्षी बाहेर सोडता येत नाहीत. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. त्यामुळे दुपारचं ऊन आत शिरत नाही. खाली दीड फूट विटांची भिंत, वर जाळी, छप्पर दोन्ही बाजूंना तीन फूट बाहेर काढलेलं. नाशिकचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा ही तीन फुटांची पाखच गादी कोरडी ठेवते.

जाळीवर पैसे वाचवू नका. दुकानात "कोंबडी जाळी" म्हणून षटकोनी भोकांची जी पातळ जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला पुरते, मुंगूस बाहेर ठेवायला पुरत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे चौकोनी भोकांची जाड जाळी, घ्यावी. ती जमिनीत एक फूट गाडून बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे उकरणाऱ्या प्राण्याला खाली जाळीच लागते. इथे मुंगूस, मांजर, भटकी कुत्री, धामण आणि वरून शिक्रा हे नेहमीचे. गोदाकाठच्या मळ्यांमध्ये बिबट्याही फिरतो, म्हणून रात्रीचं दार लोखंडी चौकटीचं आणि कडी खाली-वर अशी दोन ठिकाणी.

आत बसायला गोल केलेले बांबू, दर पक्ष्याला ६ ते ८ इंच. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदी-उंचीच्या पेट्या, पाच कोंबड्यांमागे एक. पेट्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि बसायच्या बांबूपेक्षा खाली. पेटी वर असेल तर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शेणाने माखलेली मिळतात.

गादीला भाताचं तूस घोटीच्या गिरण्यांमधून आणलं. इगतपुरी-त्र्यंबकचा भात तिथे भरडला जातो. लाकडाचा बारीक भुसा घेऊ नये, पिल्लं तो खातात आणि धुळीने श्वास धरतो. सगळं मिळून खर्च २६ हजारांच्या आसपास गेला. त्यात जाळी आणि पत्रा यांचाच मोठा वाटा. कुटुंबांत वाटून घेतल्यावर तो झेपला.

फेब्रुवारी: पिल्लं

जातीबद्दल मतं खूप ऐकायला मिळतात. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया: हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली, परसात वर्षाला १६० ते १८० अंडी देते. तिथलीच वनराजा अंगाने भरते, अंडी शंभर-सव्वाशे, जड असल्याने कुत्र्यापासून पळताना मागे पडते. बंगळुरूची गिरिराज दोन्हींच्या मधली. गावठी कोंबडी साठ-सत्तर अंडी देऊन खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून ती उबवायला बसते, पण पिल्लं तीच सांभाळते. अंड्याच्या कारखान्यातले पांढरे पक्षी तीनशेच्या पुढे जातात, मात्र ते पिंजऱ्यासाठी आणि मोजून दिलेल्या खाद्यासाठीच घडवलेले. परसात त्यांच्याकडून ती अपेक्षा धरू नये. आम्ही ग्रामप्रिया घेतली.

पिल्लांच्या नोंदणीनंतर थांबावं लागतं. अंडी उबायला २१ दिवस लागतात, त्यामुळे यंत्रात आधीच लावलेल्या अंड्यांच्या तुकडीत आपला नंबर लागला नाही तर तीन आठवडे गेलेच. पुण्याला खडकीत सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, खासगी केंद्रंही आहेत. कुठेही विचारा: कोणत्या जातीची पिल्लं कोणत्या तारखेला निघणार आणि मरेक्स या रोगाची लस दिलेली असेल का. ही लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, घरी देता येत नाही.

इथे मापाचा पहिला तिढा आला. पेटी १०० ची. पण पेटीत २५-२५ चे चार खण असतात. आम्ही दोन खण घेतले, बाकी दोन गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या एका गटाने. एक पिल्लू ४० रुपयांच्या घरात पडलं. पन्नास का घेतली? नर-मादी न निवडता येणाऱ्या पेटीत निम्मे नर निघतात. पंचवीस कोंबड्या हव्या असतील तर पन्नास पिल्लं आणावी लागतात, आणि त्या नरांचं पुढे काय करायचं हे आणण्याआधी ठरवावं लागतं.

ज्यांना दहा-पंधराच पक्षी हवेत त्यांनी हा खटाटोप करू नये. मदर युनिटमधून, म्हणजे पिल्लं काही आठवडे वाढवून विकणाऱ्या केंद्रातून, पाच-सहा आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं घ्यावीत. महाग पडतात, तिप्पट-चौपट, पण बल्बचं, रात्रीच्या जागरणाचं आणि पहिल्या लसींचं काम वाचतं. लसीकरणाची नोंद लेखी मागा.

पुण्याहून येताना पहाटे निघावं. पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस सहज काढतं, म्हणून नारायणगाव-संगमनेरला थांबून पाणी पाजायची गरज नाही. पेटीवर पेटी ठेवली तर मध्ये फळी घाला, भोकं झाकू नका, एसीचा झोत अंगावर नको.

उबेसाठी साडेचार फूट व्यासाचं, दीड फूट उंच पत्र्याचं कडं केलं. वर ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब. एलईडी उष्णता देत नाही, आणि जुने पिवळे बल्ब आता सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. मेनरोडच्या विजेच्या दुकानांत विचारत फिरलं की सापडतात. दोन बल्ब एवढ्यासाठी की रात्री एक गेला तर दुसरा राहतो. पिल्लं येण्याच्या किमान चार तास आधी बल्ब लावून तूस गरम करावं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी.

थर्मामीटर हवाच, पण पिल्लंच जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एका बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा येतोय. पसरून झोपली, खाल्लं, पुन्हा झोपली, तर काही करू नका. फेब्रुवारीत नाशिकची रात्र दहा-बारा अंशांवर उतरते, निफाडकडे त्याहून खाली, त्यामुळे पहाटे तीन ते सहा हा पाहण्याचा वेळ. लाइट गेली तर कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका, धूर न दिसता पिल्लं गुदमरतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्या.

पहिलं पाणी कोमट, थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट घातलेलं. एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवून दाखवायची. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकाव्या, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिले काही तास मक्याचा भरडा कागदावर, मग स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य. अंथरलेलं वर्तमानपत्र दोन-तीन दिवसांत काढावं, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग ते सरळ होत नाहीत. शेपटीखाली शी चिकटून वाळली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसावं, ओढून काढू नये.

लसींचं वेळापत्रक आणि शंभराची कुपी

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीला टोचून. सातव्या आठवड्यात जंतनाशक, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आरटूबी, कातडीखाली इंजेक्शनने. आरटूबी ही लासोटा आधी झालेल्या पक्ष्यांनाच द्यायची. देवीची लस लागली का ते आठ-दहा दिवसांनी टोचलेल्या जागी बारीक पुळी आली का यावरून कळतं. नक्की तारखा आणि मात्रा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, भागातल्या रोगांप्रमाणे त्या थोड्या हलतात.

कुपी फोडून द्रावण केलं की दीड-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरता येत नाही. पन्नास पिल्लांसाठी शंभर-दोनशेची कुपी फोडायची म्हणजे उरलेली फेकायची, आणि म्हणूनच लहान पाळणारे "दोनच तर कोंबड्या आहेत" म्हणून लस टाळतात. मानमोडी मग त्यांच्या खुराड्यातून आळीभर फिरते. आमच्या पेटीतले चारही खण एकाच वयाचे होते, म्हणून दोन्ही गटांनी लसीचा दिवस एक ठेवला. एक माणूस बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणतो, पहिल्या जागी अर्ध्या तासात उरकतो, तिथून स्वच्छ कपडे घातलेला दुसरा माणूस थर्मास घेऊन पुढे जातो. पक्षी एका जागी आणायचे नाहीत, लस फिरवायची. थर्मास बाहेरून जंतुनाशकाने पुसून मगच आत न्यायचा.

मोठ्या पक्ष्यांना लासोटा पाण्यातून देता येते. पण महापालिकेच्या नळाचं पाणी क्लोरीनचं, त्यात लस मरते. बोअरचं पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळा, आणि पक्ष्यांना दीड-दोन तास तहानलेलं ठेवून मग भांडी लावा. त्या दिवशी पाण्यात दुसरं औषध नको.

मार्च ते मे: खाद्य, रक्ती हगवण, ऊन

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी ओली राहिली की कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, येतो. विष्ठेत रक्त, पंख पाडून बसलेली पिल्लं. त्यावर अॅम्प्रोलियम पाण्यातून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, पण ओलं तूस काढून टाकल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. भांड्याखाली विटा आणि जाळीचा तुकडा ठेवला की सांडलेलं पाणी पिल्लांच्या पायाखाली येत नाही.

खाद्याच्या दुकानात पाच किलो स्टार्टर मागितलं की दुकानदार हसतो. "भाऊ, पोतं फोडून कोण देणार?" हा दुसरा तिढा. आठ आठवड्यांत एक पिल्लू दीड ते दोन किलो खातं. पन्नासांना दोन पोती लागतात, दोन्ही पोती ताजी संपतात. दहाच पिल्लं असतील तर पोतं महिनोन्महिने उघडं पडतं, जीवनसत्त्वं उडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून पोतं वाटून घ्या. स्टार्टरमध्ये प्रथिनं २० टक्क्यांच्या पुढे, आठ आठवड्यांनंतर ग्रोअर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि अंडी सुरू होताना लेयर, ज्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. लेयर खाद्य लवकर सुरू करू नये, जास्तीच्या कॅल्शियमने वाढत्या तलंगेचं मूत्रपिंड बिघडतं.

लासलगाव-येवल्याकडचा मका स्वस्त पडतो म्हणून घरी खाद्य बनवायचा मोह होतो. बनवा, पण मका दाताखाली कडक वाजला पाहिजे. परतीच्या पावसात भिजलेला, १४ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा मका आतून बुरशी धरतो. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत खातं, पक्षी मरत नाहीत, नुसते वाढायचे थांबतात, आणि कारण सापडत नाही. हिरवा-करडा डाग दिसला की तो मका परत करावा.

हिरव्या चाऱ्याला लसूण घास, शेवग्याचा पाला आणि टाकीतला अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं शेवाळासारखं नेचं. मार्केट यार्डात मेथी-कोथिंबिरीच्या न विकलेल्या जुड्या फुकट मिळतात, पण फवारणीचा भरवसा नाही, धुऊन आणि थोड्याच द्याव्या. अशी एक जुडी दोरीने टांगली की टोचाटोचीही कमी होते. घरचं उष्टं खारट नसावं, हिरवट बटाट्याची सालं नकोत. एकूण खाण्यात हिरवं आणि घरचं मिळून पाव हिश्शाच्या वर गेलं की अंडी घटतात.

एप्रिल-मे कठीण. पारा ४० च्या आसपास गेला की पत्र्याखाली भट्टी होते. पत्र्याला चुन्याचे दोन हात, वर उसाचं पाचट, पश्चिमेला ओली गोणपाटं. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी फक्त पाणी. एरवी पक्षी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो, उन्हात त्याहून बरंच जास्त. मातीच्या भांड्यात पाणी थंड राहतं. दुपारी पक्ष्यांना पकडू, पळवू नये, त्या धापेतच ते मरतात. आमच्याकडे नुकसान झालं ते या दोन महिन्यांत आणि पिल्लं आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात. मधले दिवस शांत गेले.

जून ते सप्टेंबर

नर पाच महिन्यांचे झाले तेव्हा आषाढ लागला होता. फेब्रुवारीत पिल्लं आणण्यामागे हाही हिशेब होता: आषाढ अमावस्येच्या आधीच्या आठवड्यात गावठी दिसणाऱ्या कोंबड्याला जो भाव मिळतो तो श्रावणात मिळत नाही. नर विकून स्टार्टर-ग्रोअरचा बहुतेक खर्च निघाला. दोन ठेवले, पुढे खुडूक बसवून पिल्लं काढायची म्हणून.

पावसात गादी रोज दाताळ्याने खालीवर करावी, ओली जागा खरडून काढून तिथे चुना भुरभुरून नवं तूस टाकावं. माश्या झाल्या तर दोष पावसाचा नसतो, पाण्याच्या गळक्या भांड्याचा असतो. उवा-गोचिडांसाठी टोपल्यात राख आणि कोरडी माती ठेवली की कोंबड्या स्वतःच लोळतात.

पहिलं अंडं जुलैच्या शेवटी, लहान आणि लांबुळकं. त्यापुढचे काही आठवडे अनियमित. शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवावा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. अंडी धुऊ नयेत, वरचा नैसर्गिक थर जातो आणि आत जंतू शिरतात. कोरड्या फडक्याने पुसावी. नोव्हेंबरपासून दिवस लहान होतो, तेव्हा १४ तास उजेड भरेल इतका वेळ पहाटे एक एलईडी लावावा. इथे मात्र एलईडी चालतो.

आता पैशांचं. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते. पंचवीसांना पावणेतीन किलो, म्हणजे ५० किलोचं पोतं १८ दिवस. किलोला ३२ रुपये धरले तर दिवसाचे ८८. निम्म्या कोंबड्या अंडी देतात असं धरलं तर एका अंड्याला खाद्याचेच सात रुपये, हिरव्या चाऱ्याने ते सहाच्या खाली येतात. दुकानातलं पांढरं अंडं तेवढ्यालाच मिळतं. गावरान म्हणून अंडं दहा-बारा रुपयांना जातं, पण आमची अंडी बागेतल्या घरांतच संपतात. तेव्हा धंदा म्हणून हा आकडा बघू नका. नफा खताकडे आहे. कोंबडखत द्राक्षवाले विकत घेतात, आम्हाला ते वाफ्यांनाच लागतं. ताजं टाकलं तर रोपं जळतात, पालापाचोळ्याबरोबर दोन-तीन महिने कुजवून मग वापरावं.

ऑक्टोबर: पाहुणे

बाग बघायला येणाऱ्यांमध्ये शाळा जास्त. महिन्यातून एक रविवार ठरवला आहे, एका वेळी पंधरा माणसं. फाटकाशी आमच्या रबरी चपला, ब्रश आणि साबणाचं पाणी, मग जंतुनाशकाचा ट्रे. हा क्रम महत्त्वाचा: चिखल किंवा शेण लागलेली चप्पल थेट ट्रेमध्ये बुडवली तर औषध शेणातच संपतं. ट्रेमधलं पाणी रोज बदलायचं. घरी कोंबड्या, कबुतरं किंवा लव्हबर्ड असतील त्यांना जाळीबाहेरूनच दाखवतो आणि ते आधी फोनवर विचारून घेतो. मुलांना पक्षी हातात देत नाही, अंडी गोळा करू देतो. निघताना साबणाने हात, पाच वर्षांखालच्या मुलांचे हात आईवडिलांनी धुवायचे, कारण साल्मोनेला या जंतूचा त्रास त्यांनाच जास्त होतो. खाऊ खुराड्यापासून दूर.

बर्ड फ्लूची बातमी आली की भेटी बंद. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला, २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. लागण ठरली तर एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट केले जातात, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. त्यात पंचवीस कोंबड्यांचं खुराडंही येतं. कावळे किंवा आपले पक्षी एकाएकी मरू लागले तर हात न लावता दवाखान्याला कळवावं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. कळवणं २००९ च्या कायद्याने बंधनकारकही आहे.

पुढच्या पेटीची नोंदणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करायची आहे. चारपैकी दोन खण गंगापूर रोडच्या गटाचे, एक आमचा, आणि चौथ्यासाठी सातपूरच्या एका शाळेने विचारलं आहे. शाळेला मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा पाणी कोण पाहणार हे त्यांनी लेखी दिलं की नाव लावायचं.